लॅपटॉपकडून ड्रमकिटकडे: इलेक्ट्रॉनिक बँडला इंडी रॉककडे वळवण्याची रीत

इलेक्ट्रॉनिक बँडला रॉकचा आवाज हवासा वाटला की सगळ्यात आधी गिटार विकत घेतली जाते. लॅपटॉपवरचे ट्रॅक होते तसेच वाजत राहतात, त्यांच्यावर कुणीतरी डिस्टॉर्शन लावून कॉर्ड वाजवतं आणि दोन-चार प्रॅक्टिसनंतर सगळ्यांनाच वाटू लागतं की जुनं गाणं बरं होतं. बरं होतंच ते. भरगच्च गाण्यावर आणखी एक थर चढवला की नुसती गर्दी होते. बँडचा आवाज खालून बदलावा लागतो: आधी ठेका, मग बेस, मग कीबोर्ड आणि वाद्यांत गिटार सर्वांत शेवटी.

हा बदल नीट झालेला ऐकायचा असेल तर मेट्रॉनॉमी या बँडचे अल्बम ओळीने ऐका. इंग्लंडमधल्या डेव्हनचा जोसेफ माउंट मुळात ड्रमर. २००६चा पहिला अल्बम त्याने काँप्युटरवर एकट्याने केला, २००८च्या ‘नाइट्स आउट’वरही बहुतेक काम त्याचंच. तेव्हा मंचावर तिघं असायचे, सोबत कीबोर्ड, मागे वाजणारे ट्रॅक आणि छातीवर लावलेले दिवे. २००९मध्ये ड्रम्सवर ॲना प्रायर आणि बेसवर ग्बेंगा अडेलेकान आले. २०११च्या ‘द इंग्लिश रिव्हिएरा’त त्याचा परिणाम स्पष्ट ऐकू येतो: बेस गाण्याचा कणा झाला आहे, ड्रम्स कोरडे आणि कानाजवळचे आहेत, सिंथेसायझर बहुतेक वेळा एकच ओळ वाजवतो. गिटार आहे, पण ती पुढे पुढे करत नाही. या अल्बमला मर्क्युरी प्राइझ या ब्रिटिश अल्बम-पुरस्काराचं नामांकन मिळालं. २०१४चा ‘लव्ह लेटर्स’ त्यांनी लंडनच्या टो रॅग या टेपवर चालणाऱ्या स्टुडिओत केला. तिथे ट्रॅकच मोजके, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे वाजवण्याआधी ठरवावं लागतं. ती शिस्त पुढे सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यात लागणार आहे.

गाणं निवडणं आणि रिकामं करणं

सगळी गाणी एकदम हातात घेऊ नका. तीन गाणी घ्या. प्रत्येक गाणं फक्त पेटीवर किंवा साध्या ॲकॉस्टिक गिटारवर गाऊन बघा. चाल आणि शब्द एवढ्यावर गाणं उभं राहिलं तर ते बँडसाठी योग्य. उभं राहिलं नाही तर त्या गाण्याचा जीव फिल्टरच्या हालचालीत किंवा एखाद्या विशिष्ट आवाजात आहे. असं गाणं रॉकमध्ये ओढून आणू नका, ते सेटमध्ये इलेक्ट्रॉनिकच राहू द्या. आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो अशा गाण्यांवर.

निवडलेल्या गाण्याचा प्रोजेक्ट उघडा आणि प्रत्येक ट्रॅक वेगळी फाइल म्हणून काढा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या फाइल्स पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या. मास्टरवरचा, म्हणजे एकत्र आवाजावरचा, लिमिटर आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी साधनं) बंद ठेवा, नाहीतर फाइल्स एकत्र लावल्यावर आवाज जुळत नाही. साधारण इलेक्ट्रॉनिक गाण्यात ३० ते ५० ट्रॅक सहज निघतात. आता प्रत्येकापुढे चारपैकी एक खूण करा. माणूस हाताने वाजवणार. दुसऱ्या वाद्यावर जाणार. मागच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून वाजणाऱ्या तयार रेकॉर्डिंगमध्ये, राहणार. जाणार, म्हणजे कायमचा.

चौथा ढीग सगळ्यात मोठा व्हायला हवा. एका वेळी ऐकू येणाऱ्या गोष्टी सहाच्या वर जाऊ देऊ नका: ड्रम्स, बेस, गायन, दोन सुरेल वाद्यं आणि फार तर मागच्या ट्रॅकमधला एक आवाज. पॅड, म्हणजे सतत मागे पसरलेला सिंथचा आवाज, आधी काढा. लॅपटॉपच्या मिक्समध्ये तो मोकळ्या जागा भरत असतो. खऱ्या ड्रम्सच्या झांजा, खोलीचा घुमारा आणि गिटारचा रेंगाळणारा सूर तीच जागा आपोआप भरतात. पॅड तसाच राहिला की ड्रमर कितीही जोरात वाजवो, ड्रम्स चादरीखालून आल्यासारखे वाटतात.

पट्टी आणि सगळ्यात खालचा सूर

सिंथवर कुठलीही पट्टी सारखीच सोपी असते, तारेच्या वाद्यांवर तसं नसतं. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ‘ई’, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. तुमचं गाणं ‘सी’मध्ये असेल आणि सब-बेस, म्हणजे सिंथचा सगळ्यात खालचा सूर, ३२.७ हर्ट्झवर बसला असेल तर तो सूर त्या बेसवर नाहीच. मग चार वाटा उरतात. खालची तार ‘सी’पर्यंत उतरवा, ३२.७ हर्ट्झ मिळतात. पाच तारांचा बेस घ्या, त्याची खालची ‘बी’ ३०.९ हर्ट्झची असते. गाण्याची पट्टी बदला. किंवा तोच सूर एक सप्तक वर वाजवा.

शेवटची वाट बहुतेकांना कमीपणाची वाटते, पण तीच बऱ्याचदा बरोबर ठरते. छोट्या हॉलमधले स्पीकर ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत, तिथे सब-बेसची नुसती थरथर होते. सप्तक वर गेलेला बेस मात्र सूर म्हणून ऐकू येतो, आणि इंडी रॉकमध्ये बेसने सूर म्हणून ऐकू येणं गरजेचं आहे.

गिटारसाठी ई, ए, डी आणि जी या पट्ट्या सोयीच्या, कारण मोकळ्या तारा वाजतात आणि त्या मोकळेपणातूनच इंडी रॉकचा खणखणीत आवाज येतो. ई फ्लॅट मायनरमधलं गाणं ई मायनरमध्ये नेलं तर फरक एका सेमीटोनचा पडतो, पण गिटारवर दोन वेगळी गाणी वाटतात. गायकाला मात्र आधी विचारा. एक-दोन सेमीटोन बहुतेक गळे सांभाळून घेतात, त्याहून जास्त असेल तर गिटारला कॅपो लावा आणि गळ्याला सोडा. पट्टी बदलली की मागच्या ट्रॅकमध्ये उरलेले आवाज मिडीवरून (कुठला सूर कधी वाजतो त्याच्या नोंदीवरून) नव्याने काढा. ऑडिओ फाइल ओढून-ताणून पट्टी बदलली तर सुरांची धार बोथट होते.

ड्रममशीनचा ठेका ड्रमरच्या हातापायांत

ड्रममशीनला हात किती हा प्रश्नच नसतो. क्लॅप, उघडी हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), शेकर आणि राइड (मोठी झांज) एकाच ठोक्यावर वाजवायला चार हात लागतील. ड्रमरकडे दोन आहेत. म्हणून मशीनचा पॅटर्न ड्रमरला जसाच्या तसा पाठ करायला लावू नका. त्या पॅटर्नमधल्या कुठल्या दोन गोष्टींवर अंग हलतं ते शोधा आणि तेवढ्याच ठेवा. बहुतेक वेळा त्या असतात स्नेअरची (ड्रमरसमोरच्या खणखणीत ड्रमची) जागा आणि हॅटची उघडझाप.

लयीचंही बघा. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) हॅटवर सोळावे ठोके, एका ठोक्यात चार, म्हणजे सेकंदाला आठाहून जास्त आघात. एका हाताने ते तीन-चार मिनिटं सलग वाजवणं फार कमी ड्रमर्सना जमतं. दोन्ही हात हॅटवर लावले की दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला उजवा हात स्नेअरवर न्यावा लागतो, आणि नेमका तिथे हॅटमध्ये एक खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजे चूक नव्हे, माणूस वाजवतोय याची ती खूण आहे. तो नको असेल तर हॅट आठव्या ठोक्यांवर आणा आणि सोळाव्यांची चळवळ शेकरच्या एका ट्रॅककडे सोपवा.

प्रत्येक ठोक्यावर किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, ही घाई करू नये अशी जागा. खऱ्या किकने चारही ठोके भरले की बेसला श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि ड्रमरचा पाय थकला की गाणं कोरसमध्येच मंदावतं. अंतऱ्यात किक पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर ठेवा, चारही ठोके फक्त कोरसला किंवा शेवटच्या भागात द्या. तेव्हा तीच साधी किक मोठी वाटते. लय दोन ते सहा बीपीएम कमी करून बघा. मशीनवर १२४ला जे हलकं वाटतं ते खऱ्या किटवर अनेकदा ११८-१२०ला तितकंच चालतं आणि शब्दही सुटे ऐकू येतात.

आता किटचा आवाज. इलेक्ट्रॉनिक बँडमधून येणाऱ्यांना आम्ही कोरडा, आखूड आवाज सुचवतो, कारण तो उरलेल्या मशीनच्या आवाजांशी जमवून घेतो. किकमध्ये जुनी गोधडी घाला, पण ती दोन्ही चामड्यांना जेमतेम टेकेल इतकीच. ठासून भरली तर आघाताची टकटक उरते आणि पोट जातं. स्नेअरवर जुना सुती पंचा पसरा. पूर्ण झाकला तर आवाज सत्तरीच्या दशकातल्या रेकॉर्डसारखा बुटका होतो, अर्धा झाकला तर थोडी खणखण राहते. पंचा आघाताने सरकतो, म्हणून त्याचं एक टोक स्नेअरच्या कडेला चिमट्याने धरून ठेवा. टॉमना हातरुमालाची घडी टेपने लावली की पुरतं. झांजा पातळ आणि कमी घ्या: एक राइड, एक क्रॅश. झांजा जाड असल्या तर छोट्या खोलीत गायनाचा आवाज खाऊन टाकतात.

मशीनचा एखादा आवाज गाण्याची ओळखच असेल, समजा तो क्लॅप किंवा ती ८०८ या जुन्या ड्रममशीनची किक, तर तो टाकू नका. रोलँड एसपीडी-एसएक्ससारख्या, काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर तो नमुना (सँपल) भरा आणि ड्रमरला स्नेअरच्या जोडीने वाजवू द्या. नमुन्याच्या सुरुवातीची शांतता मात्र कापून टाका. तिथे २० मिलिसेकंद राहिले तरी स्नेअर आणि क्लॅप दोन वेगळे आवाज वाटतात.

डेपेश मोडने १९९३च्या ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’मध्ये मधली वाट काढली होती. १९८१च्या पहिल्या अल्बमपासून सिंथेसायझरवर उभा असलेला हा बँड. ॲलन वाइल्डर स्टुडिओत खऱ्या ड्रम्सवर बसला, पण त्याचं वाजवणं नंतर नमुन्यांसारखं कापून, लूप करून गाण्यात बसवलं गेलं. कान माणूस ऐकतात, बांधणी मशीनची राहते. ज्यांच्याकडे ड्रमर नवखा आहे त्यांनी रेकॉर्डिंगसाठी ही पद्धत जरूर वापरावी: सात-आठ मिनिटं वाजवून घ्या, त्यातले दोन-चार बार उत्तम निघाले की त्यांच्यावर अंतरा उभा करा. मंचावर मात्र त्याला पूर्ण गाणं वाजवावंच लागेल.

बेस: पंपिंग गेलं, आता काय

इलेक्ट्रॉनिक गाण्यात किक पडली की बाकी सगळं क्षणभर दबतं आणि परत वर येतं. साइडचेनचा तो श्वास गेला की गाणं अचानक सपाट वाटतं आणि नेमकं काय हरवलं ते कुणाला सांगता येत नाही. कॉम्प्रेसरने होणारं ते काम आता बेसिस्टने करायचं. किकच्या ठोक्यावर थांबायचं, त्यानंतरच्या आठव्या ठोक्यावर वाजवायचं. किंवा किकबरोबर सूर लावून तो लगेच तोडायचा. सूर कुठे सुरू होतो याइतकंच तो कुठे संपतो हे महत्त्वाचं, आणि सिंथवरून बेसवर आलेले वादक नेमकं तेच विसरतात, कारण सिंथवर ते काम एन्व्हलप (सुराची सुरुवात-शेवट ठरवणारी सेटिंग) करत असतो.

आखूड, गोल सुरासाठी फ्लॅटवाउंड तारा लावा आणि ब्रिजपाशी तारांखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीची फोमची पट्टी सरकवा. प्लेक्ट्रमने वाजवलं की सुराची सुरुवात सिंथसारखी टोकदार येते. फोम फार दाबून बसवला तर सूर चढतो, म्हणून तो बसवल्यावर परत ट्यून करा.

कॉम्प्रेसर ४:१, ॲटॅक २५ ते ३० मिलिसेकंद, रिलीज १०० ते १५० आणि दाब तीन ते सहा डेसिबल. ॲटॅक याहून लहान ठेवला की बोटांचा आघात दबतो आणि बेस मागे जातो. किक आणि बेस यांच्यात सगळ्यात खाली कोण बसणार हे गाण्यागणिक ठरवा. किक ६० हर्ट्झच्या आसपास असेल तर बेसचं वजन ९०-१०० हर्ट्झला ठेवा, किंवा याच्या उलट. दोघांनाही ६० हवं असेल तर हॉलमध्ये नुसती घरघर होते आणि साउंड इंजिनिअर दोघांनाही कमी करतो.

पहिल्या तीन-चार प्रॅक्टिसला फक्त ड्रमर आणि बेसिस्ट बसू द्या. गायकाने आलंच तर गुणगुणावं. मोबाइल खोलीच्या मध्यावर छातीच्या उंचीला ठेवून रेकॉर्ड करा. त्या रेकॉर्डिंगवरून गाणं ओळखता आलं पाहिजे. येत नसेल तर अजून तिसरं वाद्य आणू नका.

क्लिक आणि मागचे ट्रॅक

प्रत्येक गाण्याला क्लिक, म्हणजे लय धरायला ड्रमरच्या कानात वाजणारा ठोका, लागत नाही. मागच्या ट्रॅकमध्ये लयबद्ध काही असेल, म्हणजे अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), शेकर किंवा लूप, तरच क्लिक हवा. नुसता एखादा आवाज हवा असेल तर तो ड्रमरच्या पॅडवर ठेवा, ड्रमर योग्य जागी काठी मारेल आणि लय माणसांच्या हाती राहील. कोरसला एक-दोन बीपीएम वाढले तर वाढू द्या, गाणं त्यानेच पुढे झेपावतं.

क्लिक लागणार असेल तर चार आउटपुटचा इंटरफेस घ्या. १ आणि २मधून ट्रॅक साउंडवाल्याकडे, ३मधून क्लिक ड्रमरच्या हेडफोनकडे, ४मधून ‘कोरस’, ‘थांबा’ अशा बोललेल्या सूचना. दोनच आउटपुट असतील तर ट्रॅक डावीकडे मोनो आणि क्लिक उजवीकडे. या जोडणीत एक अपघात वारंवार होतो: घाईत वायरी उलट लागतात आणि क्लिक प्रेक्षकांना ऐकू जातो. क्लिकच्या वायरीच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा आणि साउंडचेकला आधी क्लिकचा चॅनल वाजवून तो मुख्य स्पीकरमधून येत नाही ना ते बघा.

क्लिकचा आवाज बीप असा ठेवू नका. काउबेल किंवा लाकडी ठोकळ्याचा आवाज कमी व्हॉल्यूमला ऐकू येतो आणि कान दमत नाहीत. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर ड्रमर क्लिक वाढवत जातो आणि शांत जागी तो ओव्हरहेड माइकमध्ये शिरतो. प्रत्येक गाण्यापुढे दोन बार मोजणी ठेवा. ट्रॅक ड्रमरने सुरू करायचे, कीबोर्डवाल्याने नव्हे. काठ्या केव्हा तयार आहेत ते त्यालाच ठाऊक असतं.

ड्रमरला ट्रॅकही हेडफोनमध्येच द्या. आवाज १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो. मुख्य स्पीकर दहा मीटरवर असतील तर तिथून येणारा अर्पेजिओ ड्रमरला जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तो त्याच्याशी जुळवायला मागे खेचतो आणि बाहेर सगळंच लडखडतं. ‘ड्रमरची लय कच्ची आहे’ अशी तक्रार ऐकली की आधी त्याला काय ऐकू येतंय ते तपासा.

लॅपटॉपवर सॉफ्ट-सिंथ थेट वाजवायचा असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी किती ध्वनी साठवून पुढे पाठवतो ती सेटिंग) १२८ ठेवा. ४८ किलोहर्ट्झला एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो जाणवत नाही. ५१२ला तोच १०.७ होतो आणि बोटांना जडपणा येतो. फक्त ट्रॅक वाजवायचे असतील तर उलट ५१२च ठेवा, अडखळण्याचा धोका कमी होतो. वाय-फाय, नोटिफिकेशन आणि स्क्रीन झोपवणारी सेटिंग्ज बंद. सगळे ट्रॅक एका साध्या ऑडिओ फाइलमध्ये मिसळून फोनवरही ठेवा, लॅपटॉप बसला तर निदान गाणं थांबणार नाही.

कीबोर्ड

आता कीबोर्डवाल्याचे हात कमी करायचे. प्रत्येक गाण्याला एक आवाज, फार तर दोन. डावा हात खालच्या सप्तकात गेला की बेसशी भांडण सुरू होतं, म्हणून सिंथचा १२० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि डाव्या हाताला टाळी द्यायला किंवा टँबुरीन धरायला मोकळं सोडा. तीन सुरांच्या कॉर्डऐवजी दोन सूर वाजवून बघा. तिसरा सूर बेस किंवा गायक देतच असतो.

प्रीसेट हेडफोनमध्ये रुंद ऐकू यावेत असेच बनवलेले असतात. बऱ्याच छोट्या जागी स्पीकर मोनोवर चालतात, आणि रुंद कोरस इफेक्टच्या दोन बाजू मोनोत एकमेकींना काही अंशी पुसून टाकतात. घरी जो आवाज आभाळाएवढा वाटला तो हॉलमध्ये सापडतच नाही. घरीच मोनोचं बटण दाबून आवाज निवडा. रिव्हर्ब निम्मा करा, उरलेला हॉल देतो.

सिंथला बँडमध्ये मिसळवण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तो ॲम्पमधून वाजवणं. गिटार ॲम्प साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जवळपास गाळून टाकतो, त्यामुळे सिंथची काचेरी धार जाते आणि तो गिटारच्या शेजारी बसतो. सिंथचा व्हॉल्यूम अगदी खालून, दहा टक्क्यांपासून वाढवत न्या. लाइन लेव्हलचा सिग्नल गिटारच्या इनपुटला फार मोठा असतो आणि फुल व्हॉल्यूमला नको तशी चिरकी फूट ऐकू येते. खालचे जाड सूर गिटार ॲम्पला देऊ नका, त्याला बेस ॲम्प लागतो.

गिटार, शेवटी

इथवर आल्यावर गाण्यात किती जागा उरली आहे ते ऐकू येतं, आणि ती बहुतेक वेळा वाटली होती त्याहून कमी असते. म्हणून सहा तारांच्या कॉर्ड नकोत. वरच्या तीन तारांवरचे दोन-तीन सूर पुरतात. सिंथचा अर्पेजिओ गिटारवर आणला तर इलेक्ट्रॉनिक ओळख आणि रॉकचा आघात एकत्र येतात. तो सोळाव्या ठोक्यांत हाताने वाजवणं कठीण असेल तर आठव्या ठोक्यांत वाजवा आणि मधले ठोके डिलेकडून घ्या. डॉटेड एट्थ डिलेसाठी (पाऊण ठोक्याने मागून येणाऱ्या प्रतिध्वनीसाठी) ६०,०००ला बीपीएमने भागा आणि ०.७५ने गुणा. ११८ बीपीएमला ३८१ मिलिसेकंद येतात. डिलेचा आवाज मूळ सुराच्या जवळपास बरोबरीचा ठेवा आणि आवर्तन एकच. क्लिक नसलेल्या गाण्यात मात्र टॅप-टेम्पोचं पेडल हवंच, नाहीतर लय दोन बीपीएम हलली की डिले ड्रम्सच्या विरुद्ध जातो.

१५-२० वॉटचा छोटा ट्यूब ॲम्प जॅमरूमला आणि माइक लावून बहुतेक मंचांना पुरतो. गेन वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. डिस्टॉर्शन वाढलं की आघात दबतो आणि आवाज परत पॅडसारखा पसरतो, ज्याच्यापासून आपण सुटलो होतो. गिटारचा ९०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका.

टायकोचं उदाहरण इथे उपयोगी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कॉट हॅन्सनचा हा मुळात एकट्याचा प्रकल्प. २०१४च्या ‘अवेक’मध्ये झॅक ब्राउन आणि ड्रमर रोरी ओ’कॉनर यांच्यासह तो तिघांचा बँड झाला. गाण्यांना शब्द नाहीत, तरी ती बँडची वाटतात, कारण ड्रम्स पुढे आहेत आणि गिटार सुट्या सुरांत वाजते. २०१६च्या ‘इपॉक’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं ते डान्स-इलेक्ट्रॉनिक विभागात. तुम्हाला लोक कुठल्या रकान्यात घालतील याची चिंता करून गाण्यातलं वाद्य बदलू नका.

बांधणी

इलेक्ट्रॉनिक गाणं आठ आणि सोळा बारच्या पायऱ्यांनी चढतं: फिल्टर उघडतो, स्नेअरचा रोल येतो, ड्रॉप पडतो (चढ संपून ठेका पूर्ण जोरात कोसळतो). बँडने हे जसंच्या तसं केलं तर मंचावर चार माणसं सोळा बार तेच वाजवत उभी दिसतात. ३२ बारची सुरुवात चार बारवर आणा. गायन अर्ध्या मिनिटाच्या आत यावं. फिल्टर उघडण्याचं काम ड्रमरच्या डाव्या पायाला द्या: अंतऱ्यात हॅट घट्ट बंद, कोरसच्या आधी दोन बार किंचित सैल, कोरसला उघडी. बेस त्याच क्षणी सप्तक वर किंवा खाली जातो. ड्रॉपच्या जागी एक पूर्ण बार सगळे थांबा, फक्त गायकाची ओळ राहू द्या. ही थांबण्याची जागा दहा-दहा वेळा घोटा. एकाचाही सूर रेंगाळला तर सगळा परिणाम जातो, आणि रेंगाळतो तो बहुधा डिलेच, म्हणून गिटारवाल्याचा पाय आधीच पेडलवर हवा.

विजेचं

लॅपटॉपचा बँड बॅटरीवर निभावून नेतो. ॲम्प आले की मंचाच्या अर्थिंगशी गाठ पडते. आपल्याकडच्या अनेक हॉलमध्ये आणि जनरेटरवर चालणाऱ्या उघड्या मंचांवर ते भरवशाचं नसतं. गिटारच्या तारांना हात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो तो यामुळेच. साउंडचेकला ॲम्प आणि मिक्सर चालू करून, माणसाने हात लावण्याआधी, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. शून्याच्या आसपास आकडा हवा. दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्या, तोवर गाऊ नका. मंचावरचे ॲम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच जागेवरून वीज घेऊ देत.

लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी गुणगुण डीआय बॉक्सवरच्या (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरच्या) ग्राउंड लिफ्टच्या बटणाने घालवा. लॅपटॉप आणि कीबोर्डला ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय योग्य, पॅसिव्ह पिकअपच्या बेसला ॲक्टिव्ह. प्लगची अर्थची पिन काढून गुणगुण थांबते, पण झटक्यापासूनचं संरक्षणही जातं. ती पिन कधीही काढायची नाही.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात गिटारची मान हलते, ड्रमवर खरी कातडी नसली तरी लाकडी कवचं ओल पकडतात. वाद्यं केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि मंचावर कार्यक्रमाच्या तासभर आधी बाहेर काढून मगच ट्यून करा.

रेकॉर्डिंग

पहिलं रेकॉर्डिंग चार माइकवर करा: एक किकला, एक स्नेअरला आणि दोन वर. ही ग्लिन जॉन्सच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर सुमारे एक मीटरवर, दुसरा फ्लोर टॉमच्या बाजूने हॅटकडे बघणारा. दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून तंतोतंत सारख्या अंतरावर हवेत. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरा, दुसरं पहिल्या माइकला टेकवा, तिथे गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत न्या. दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही स्नेअर पोकळ करतो. मग एकेका माइकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा, मिक्सरवरच्या बटणाने) उलटून बघा आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरतो ती ठेवा.

ड्रम्स आणि बेस एकत्र वाजवून घ्या, बेसचा ॲम्प दुसऱ्या खोलीत. गायन नंतर. संपादन करताना प्रत्येक ठोका ग्रिडवर खेचायचा मोह इलेक्ट्रॉनिक संगीतातून आलेल्या प्रत्येकाला होतो. १२० बीपीएमला सोळावा ठोका १२५ मिलिसेकंदांचा असतो. स्नेअर त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद मागे असेल आणि प्रत्येक वेळी तितकीच मागे असेल तर तीच ड्रमरची चाल आहे, तिला हात लावू नका. कधी पुढे, कधी मागे होत असेल तर एडिट करू नका, परत वाजवून घ्या.

पहिल्या कार्यक्रमाला नवी तीनच गाणी घ्या आणि ती सलग ठेवा, म्हणजे ॲम्प, पेडल आणि माइक मध्ये-मध्ये बदलावे लागणार नाहीत. जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं एक गाणं लॅपटॉपवर जसं होतं तसंच वाजवा आणि ते या तीन गाण्यांच्या आधी ठेवा. नंतर ठेवलं तर खऱ्या ड्रम्सची सवय झालेल्या कानाला ट्रॅकमधली किक बारीक वाटते.